केहीमकर : एका आडनांवाची कुळकथा

इतिहासाच्या तासास हाईम सॅम्युएल केहीमकर हें नांव निघालें, तेव्हां डोंगरकड्याच्या एका हुशार विद्यार्थ्यानें तत्काळ सांगितलें, "गुरुजी, हें आडनांव इब्रीच असलें पाहिजे. इलोहीम, करूबीम यांप्रमाणें यांतही 'ईम' आहे."

तर्क वाईट नव्हता. इब्री भाषेंत पुल्लिंगी अनेकवचन बहुधा 'ईम' प्रत्ययानेंच होतें. परंतु अशा वेळीं कोशाआधीं नकाशा उघडावा. अलिबागेच्या उत्तरेस समुद्रकांठीं किहीम नांवाचें गांव आहे. केहीम हें त्याचेंच रूप. त्या गांवचा तो केहीमकर, जसा आपल्या गांवचा डोंगरकडेकर!

मग यहुदी माणसाचें आडनांव मराठी कसें? कोंकणांतील बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाचीं लेंकरें, यांची परंपरा अशी कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत किहीमजवळच्या नवगांव येथें फुटलें व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. पुढें त्यांचे वंशज खेडोपाडीं पसरले व तेलाचे घाणे चालवूं लागले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. आडनांवें त्यांनीं गांवांवरून घेतलीं : पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिवे आगरचे दिवेकर. दिवेकर तर ब्राह्मणांतही आहेत. आडनांव ऐकून जात ठरविणारे येथें हटकून फसतात. माझें आडनांव ऐकून मोकळेपणानें बोलणारे गृहस्थ बाप्तिस्म्याचें नांव ऐकतांच थबकतात, हा माझा नित्याचा अनुभव आहे.

आतां संपूर्ण नांव पाहूं. 'हाईम' म्हणजे जीवन. हा शब्द मात्र खरा इब्री, आणि रूपानें अनेकवचनीच. विद्यार्थ्याचा नियम आडनांवास नव्हे, तर नांवास लागू पडला! सॅम्युएल हें वडिलांचें नांव, म्हणजे शास्त्रांतील शमुवेल. कोंकणांत त्याचें सामाजी होई. मुंबईंतील पहिलें यहुदी सभास्थान १७९६ सालीं स्थापन करणारे सॅम्युएल एझिकिएल दिवेकर हे लोकांस सामाजी हसाजी म्हणूनच ठाऊक होते.

केहीमकरांनीं १८७५ सालीं मुंबईंत आपल्या समाजाच्या मुलांसाठीं शाळा काढली. समाजाचा इतिहास त्यांनीं १८९७ सालीं लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ सालीं, तेल अवीव येथें.

आज हें आडनांव क्वचितच कानीं पडतें. मुंबईस आल्यावर पुष्कळ घराण्यांनीं गांवाचें नांव सोडून वाडवडिलांचेंच नांव लाविलें, आणि १९४८ नंतर हजारों बेने इस्राएल इस्राएल देशांत जाऊन राहिले. तेथें कोणाच्या दारावर इब्री अक्षरांत 'केहीमकर' अशी पाटी असेल, तर शेजाऱ्यास 'ईम' ओळखीचा वाटेल. शेवटच्या 'कर'चा अर्थ मात्र त्यास आपल्या वर्गांतील मुलांसच विचारावा लागेल.