चौदा खळग्यांचा पट : संगणक-नियंत्रित यंत्रावर पल्लांगुळी

१. खेळ आणि त्याचा पट

पल्लांगुळी हा तमिळनाडूच्या घराघरांत, विशेषतः स्त्रिया व मुले यांच्यात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला खेळ आहे. तमिळ भाषेत ‘कुळि’ म्हणजे खळगा. एका लाकडी फळीवर समोरासमोर सात-सात खळग्यांच्या दोन ओळी कोरलेल्या असतात. प्रत्येक खळग्यात ठरावीक संख्येने चिंचोके किंवा कवड्या ठेवून खेळास आरंभ होतो. खेळणारी व्यक्ती आपल्या एका खळग्यातील सर्व चिंचोके उचलते व पुढील प्रत्येक खळग्यात एकेक टाकत जाते. हातातील चिंचोके संपले की त्यापुढील खळगा उचलून डाव चालू राहतो. तो रिकामा असेल तर त्याच्या पलीकडच्या खळग्यातील चिंचोके तिच्या पदरी पडतात.

याच कुळातील खेळास कर्नाटकात अळिगुळी मणे, तुळू प्रदेशात चेन्नेमणे आणि तेलुगू भाषकांत वामनगुंतलू म्हणतात. आफ्रिकेत याची अनेक भावंडे आढळतात व अभ्यासक त्या सर्वांना मिळून ‘मंकला’ हे नाव देतात. महाराष्ट्रातही प्राचीन लेण्यांच्या परिसरात खडकावर कोरलेले खेळांचे पट दिसतात. नाशिकची पांडवलेणी हे त्याचे परिचित उदाहरण होय. अलीकडच्या काळात चेन्नईत विनिता सिद्धार्थ यांनी २००२ साली सुरू केलेल्या ‘क्रीडा’ या संस्थेने अशा जुन्या खेळांना पुन्हा घरांत स्थान मिळवून देण्याचा प्रयत्न केला आहे.

पट हाताने कोरण्याची परंपरा जुनी आहे. आज चेन्नईसारख्या शहरात दरवाजांवरील वेलबुट्टी कोरण्यासाठी संगणक-नियंत्रित कोरणी यंत्रे सर्रास वापरली जातात. अशा यंत्रावर पल्लांगुळीचा पट कसा तयार करावा, हे प्रस्तुत प्रकरणात पाहावयाचे आहे. वाचकाने आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यंत्र अचूक असते, पण ते दिलेल्या आकड्यांपुरतेच. खळगा किती रुंद व किती खोल असावा हे यंत्रास ठाऊक नसते. ते खेळणाऱ्या बोटांना ठाऊक असते. बोटांच्या या ज्ञानाचे आकड्यांत रूपांतर करणे हेच कारागिराचे खरे काम होय.

२. छिद्र आणि खळगा

अंकीय नियंत्रणाचा उगम विमानउद्योगात झाला. वक्र पृष्ठभागांचे भाग अचूकपणे कापण्याची गरज जॉन पार्सन्स या अमेरिकन उद्योजकाने ओळखली आणि १९५२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत छिद्रित फितीवरील आकड्यांनुसार चालणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. फितीची जागा पुढे संगणकाने घेतली. आजच्या लाकूडकामाच्या यंत्रात वेगाने फिरणारे हत्यार, म्हणजे बिट, तीन दिशांनी हलविता येते: फळीच्या लांबीच्या दिशेने, रुंदीच्या दिशेने आणि खाली-वर.

या हालचालींचे दोन प्रकार असतात. युरोपातील क्रिबेज या पत्त्यांच्या खेळात गुण मोजण्यासाठी एक लाकडी पट्टी वापरतात. डाव १२१ गुणांचा असतो आणि पट्टीवरील बारीक छिद्रांतून खुंट्या पुढे सरकवून गुण दाखविले जातात. अशी पट्टी करताना बिट एका बिंदूवर जाऊन थांबतो, सरळ खाली उतरतो, वर येतो व पुढील बिंदूकडे जातो. वाटेत तो कोणत्या मार्गाने गेला यास महत्त्व नसते. यास बिंदू-ते-बिंदू नियंत्रण म्हणतात. पल्लांगुळीचा खळगा मात्र वाटीसारखा गोलाकार असतो. तो कोरताना तिन्ही दिशांच्या हालचाली एकाच वेळी आणि परस्परांशी मेळ राखून व्हाव्या लागतात. यास अखंड मार्गाचे नियंत्रण म्हणतात. छिद्रासाठी केवळ जागा आणि खोली सांगून भागते. खळग्यासाठी मार्गाचा प्रत्येक टप्पा सांगावा लागतो.

३. मापे कोठून घ्यावीत

मापांचा विचार यंत्रापासून न करता चिंचोक्यापासून करावा. प्रत्येक खळग्यात आरंभी ५ किंवा ६ चिंचोके असले, तरी डाव रंगात आल्यावर एखाद्या खळग्यात १५-२० चिंचोके साठतात. ते बाहेर सांडता कामा नयेत. खळगा खोल केला तर जागा वाढते, परंतु भिंती उभ्या होतात आणि तळाचा शेवटचा चिंचोका बोटांना लागत नाही. खळगा फार उथळ ठेवला तर चिंचोके पसरतात आणि निसटतात. एका सफाईदार फटकाऱ्यात चार बोटांनी सर्व चिंचोके उचलता यावेत, ही या पटाची खरी कसोटी आहे.

उदाहरणादाखल खळग्याची तोंडाशी रुंदी ५६ मिलिमीटर आणि खोली १६ मिलिमीटर धरू. असा खळगा ३२.५ मिलिमीटर त्रिज्येच्या गोलाचा एक भाग ठरतो. त्याच्या कडेचा उतार सुमारे ६० अंशांचा असतो आणि त्यात साधारण २२ घन सेंटिमीटर जागा मिळते. शेजारच्या दोन खळग्यांत ८ मिलिमीटर आणि दोन ओळींत १२ मिलिमीटर अंतर ठेवावे. लांबीच्या दोन्ही टोकांस २० आणि रुंदीच्या दोन्ही कडांस १८ मिलिमीटर काठ सोडला, म्हणजे पट ४८० मिलिमीटर लांब व १६० मिलिमीटर रुंद होतो. पहिल्या खळग्याचा मध्य डाव्या टोकापासून ४८ मिलिमीटरवर येतो व पुढील प्रत्येक मध्य ६४ मिलिमीटर अंतरावर पडतो. फळी २५ मिलिमीटर जाड घेतल्यास तळाशी ९ मिलिमीटर लाकूड शिल्लक राहते.

४. लाकडाची निवड

सागवान या कामास चांगले. ते टिकाऊ असून फारसे वाकत नाही. मात्र त्यात वाळूसारखा सिलिका हा घटक असल्याने साध्या पोलादाच्या बिटाची धार लवकर जाते, म्हणून कार्बाइडचा बिट वापरावा. लाकडाच्या शिरा पटाच्या लांबीच्या दिशेने असाव्यात. लाकूड हवेतील ओलाव्यानुसार रुंदीत फुगते व आकसते, लांबीत जवळजवळ नाही. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि समुद्रकाठामुळे हवा एरवीही दमट असते. अशा हवेत ठेवलेली फळी वातानुकूलित खोलीत नेली, तर १६० मिलिमीटर रुंदीत एखाद्या मिलिमीटरचा फरक सहज पडू शकतो. शिवाय एकाच बाजूने लाकूड काढल्यामुळे फळीचा तोल बिघडून ती किंचित वाकते. म्हणून प्रथम १ मिलिमीटर लाकूड राखून खळगे ढोबळमानाने कोरावेत, फळी काही दिवस तशीच ठेवावी आणि मग अंतिम कोरणी करावी.

५. कोरणी

यंत्रास दिल्या जाणाऱ्या आज्ञा ‘जी-कोड’ नावाच्या भाषेत असतात. संगणकावर खळग्याचा आकार रेखाटला म्हणजे आज्ञांची ही यादी संगणकच तयार करतो. ढोबळ कोरणी सपाट टोकाच्या बिटाने ४ मिलिमीटरच्या थरांत करावी. अंतिम कोरणीसाठी गोल टोकाचा, १२ मिलिमीटर व्यासाचा बिट घ्यावा. तो मळसूत्राकार वाटेने कडेपासून तळाकडे उतरतो.

या वाटेच्या दोन फेऱ्यांमध्ये किती अंतर ठेवावे, हा महत्त्वाचा निर्णय आहे. गोल बिटाच्या दोन फेऱ्यांमध्ये एक बारीक कंगोरा शिल्लक राहतो. अंतर १ मिलिमीटर असेल तर कंगोऱ्याची उंची सुमारे ०.०२ मिलिमीटर असते; अंतर ३ मिलिमीटर केले तर ती सुमारे ०.१५ मिलिमीटर होते. अंतर तिप्पट झाले की कंगोरा जवळजवळ नऊपट उंच होतो. बिट दर मिनिटास २,००० मिलिमीटर वेगाने सरकत असेल, तर १ मिलिमीटर अंतराने चौदा खळग्यांच्या अंतिम कोरणीस कमीत कमी २३ मिनिटे लागतात, आणि ३ मिलिमीटर अंतराने सुमारे ८ मिनिटे. यंत्रावर वाचलेली ही १५ मिनिटे पुढे पॉलिश पेपरने घासण्यात अनेक पटींनी खर्च होतात.

गोल बिटाचा आणखी एक गुणधर्म लक्षात ठेवावा. बिटाची कड वेगाने फिरते, परंतु अगदी टोकाच्या बिंदूला फिरण्याचा वेग नसतो. तेथे लाकूड कापले जात नाही, घासले जाते. त्यामुळे बिट तळाशी क्षणभर रेंगाळला तरी काळसर डाग उमटतो. तळाशी न थांबता बिट लगेच उचलला जाईल अशी आज्ञा असावी. फळी घट्ट आवळलेली आहे आणि आवळणारे क्लॅम्प बिटाच्या वाटेत येत नाहीत, याची खात्री प्रथम बिट फळीपासून बराच वर ठेवून संपूर्ण मार्ग हवेतच चालवून करावी. काम चालू असताना डोळ्यांवर चष्मा व नाकातोंडावर मास्क असावा, कारण सागाचा बारीक भुसा श्वासास अपायकारक असतो.

६. एका चुकीचे चौदा परिणाम

खोलीचे शून्य कोठे धरावे, हा यंत्रकामातील सर्वांत नाजूक प्रश्न होय. समजा, फळीच्या एका कोपऱ्यावर बिट टेकवून तेथे शून्य धरले, परंतु फळी वाकलेली असल्याने समोरच्या ओळीकडील बाजू २ मिलिमीटर खाली आहे. यंत्रास हे दिसत नाही. त्या बाजूचा खळगा १६ ऐवजी १४ मिलिमीटर खोल होतो, त्याचे तोंड ५६ ऐवजी ५३ मिलिमीटरच उरते आणि आतील जागा सुमारे पाचव्या हिश्शाने घटते. हा दोष केवळ दिसण्याचा नाही. पल्लांगुळीत समोरच्या खळग्यात किती चिंचोके आहेत याचा अंदाज नजरेनेच बांधायचा असतो. एका खेळाडूचे खळगे उथळ आणि दुसऱ्याचे खोल असतील, तर तेवढेच चिंचोके एकीकडे भरलेले आणि दुसरीकडे थोडे भासतात. असा पट खेळण्यास न्याय्य राहत नाही.

हाताने कोरणारा कारागीर ही चूक सहसा करीत नाही. पटाशीचा प्रत्येक घाव घालताना तो लाकूड पाहत असतो आणि मागच्या खळग्यावरून पुढचा सुधारत जातो. त्याचे चौदा खळगे तंतोतंत सारखे नसतील, पण त्यांतील फरक बोटांना जाणवण्याआधीच त्याने तो दुरुस्त केलेला असतो. यंत्राजवळ ही दृष्टी नाही. म्हणून कोरणीपूर्वी फळीचे दोन्ही पृष्ठ रंध्याने सपाट करावेत, चारही कोपऱ्यांवर बिट टेकवून उंची पडताळावी आणि मगच शून्य निश्चित करावे.

७. अंतिम परीक्षा

कोरणी पूर्ण झाल्यावर प्रत्येक खळग्याची धार २ मिलिमीटर गोल करावी. तीक्ष्ण धारेने बोटे दुखतात. मग शिरांच्या दिशेने पॉलिश पेपर फिरवून तेलाचा हलका हात द्यावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना मात्र कोरणीच्या आधीची आहे. चौदा खळग्यांना हात घालण्यापूर्वी एखाद्या टाकाऊ तुकड्यात एकच खळगा कोरावा. त्यात वीस चिंचोके टाकून, हा खेळ आयुष्यभर खेळलेल्या एखाद्या आजीला आणि नुकत्याच शिकणाऱ्या मुलाला ते उचलून पाहण्यास सांगावे. आजीची बोटे अडखळली किंवा मुलाच्या हातून चिंचोका मागे राहिला, तर संगणकावर त्रिज्येचा आकडा बदलून दुसरा खळगा कोरावा. एक तुकडा वाया जातो, पण सबंध फळी वाचते. योग्य आकडा एकदा हाती आला की यंत्र तो चौदा वेळा, आणि पुढे शंभर पटांवर, इमाने इतबारे उतरविते. तो शोधण्याचे काम मात्र चिंचोके उचलणाऱ्या हातांकडेच राहते.