टेबलाच्या कडेला राहिलेली वही

बायपोलर हा मनःस्थितीचा आजार आठवड्यांच्या हिशोबाने चालतो. घटकेत हसू, घटकेत रडू असे त्याचे स्वरूप नसते. उन्माद साधारण 7 दिवस आणि नैराश्य 14 दिवस टिकले, तर डॉक्टर त्याला झटका मानतात. सौम्य उन्मादाला 4 दिवसही पुरतात. उन्मादात माणूस दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, बोलणे थांबत नाही, हातात पैसा टिकत नाही. नैराश्यात त्यालाच आंघोळीला उठणे जड जाते. मधल्या काळात तो बहुधा नेहमीसारखा वागतो, म्हणून नातेवाईक 'नाटकं करतो' म्हणून मोकळे होतात.

हा आजार दाखवणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही. थायरॉइडसारखी कारणे तपासून बाजूला सारता येतात, पण निदान उभे राहते ते मागच्या इतिहासावर. रुग्ण बहुतेकदा नैराश्यात डॉक्टरकडे जातो, कारण उन्मादात त्याला स्वतःला उत्तमच वाटत असते. म्हणूनच 'पूर्वी कधी झोपेशिवाय उत्साहात होता का?' हे घरच्यांना विचारायलाच हवे.

प्रस्तुत लेखिकेच्या धाकट्या भावाच्या वेळी ते विचारले गेले नाही. दोन वर्षांपूर्वीचे तीन आठवड्यांचे जागरण आणि त्या भरात घेतलेले कर्ज तिने तारखांसह वहीत लिहून नेले होते. डॉक्टरांनी वही न उघडता टेबलाच्या कडेला सरकवली आणि फक्त नैराश्यावरची गोळी लिहून दिली. तीन आठवड्यांत भाऊ हसू-बोलू लागला. औषधाला गुण आला म्हणून घरात पेढे वाटले गेले. मग एका रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसला. मांडणीवरचे सगळे डबे खाली उतरवून, घासूनपुसून त्याने उंचीप्रमाणे रांगेत लावले होते. 'ताई, मला आता झोपेची गरजच उरली नाही,' तो म्हणाला. वहीच्या पहिल्या पानावर त्याचे हेच वाक्य होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, 'हे आधी का नाही सांगितलंत?' वही तेव्हाही तिच्या हातात होती.

बायपोलरमध्ये नैराश्यावरची गोळी एकटीच दिली तर काही रुग्ण उन्मादात ढकलले जाऊ शकतात. त्यामुळे उपचाराचा पाया मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधांवर असतो. त्यांत लिथियम सर्वांत जुने. उन्मादावरचा त्याचा उपयोग ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी 1949 मध्ये मांडला. ते आत्महत्येचा धोकाही कमी करते. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन हीही वापरात आहेत. मात्र व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक असल्याने मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ते शक्यतो देत नाहीत. आजार तीव्र असेल तर भूल देऊन विद्युत उपचार करतात. औषधांच्या जोडीला समुपदेशन लागते.

लिथियमला शिस्त हवी. शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त देऊन पातळी पाहतात. ती सहसा लिटरमागे 0.6 ते 1.0 मिलिमोल ठेवतात. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणीही ठरावीक काळाने होते. जुलाब, उलट्या, कडक उपास किंवा आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी पातळी धोकादायक चढू शकते. हात जोरात थरथरणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गुडघेदुखीची गोळी घेण्याआधीही 'लिथियम चालू आहे' हे केमिस्टला सांगावे.

घरच्यांनी झोपेचे तास रोज लिहावेत आणि डॉक्टरांसमोर ती नोंद मोठ्याने वाचून दाखवावी. नुसती वही पुढे करून भागत नाही. एटीएम कार्ड कोणाकडे राहील हे रुग्ण बरा असतानाच त्याच्या संमतीने ठरवावे. वेळेवर झोप, दारू वर्ज्य, नियमित जेवण हे तर आहेच. 'बरा झाला, आता गोळ्या कशाला?' म्हणणाऱ्या काका-मामांना औषधांच्या डब्यापासून दूर ठेवावे. गोळ्या अचानक सोडल्या की झटका परतण्याची भीती असते, आणि तेव्हा रात्र जागवायला काका-मामा येत नाहीत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचार कसे व्हावेत हे आधी लिहून ठेवता येते आणि आपला प्रतिनिधी नेमता येतो. रुग्ण मरणाची भाषा बोलला तर त्याला एकटे सोडू नये. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.