मन सावरायला किती खर्च येतो?

ज्या जोडीदाराला जन्मभर स्वतःचंच खरं वाटलं, त्याच्या घरातून बाहेर पडलेलं माणूस काही महिने कुणाचंही ऐकतं. ‘तुझंच चुकतं’ हे इतक्यांदा कानावर पडलेलं असतं, की स्वतःच्या मतावर भरवसाच उरत नाही. नेमकं तेव्हाच कुणीतरी ग्रहदोष काढतं, कुणी वशीकरण उतरवून देतो म्हणतं. म्हणून नांदेड-लातूरकरांना दराचं आधी सांगते: आपल्या भागात देवाधर्माचं जे खरंच उपयोगी पडतं, ते जवळपास फुकट आहे.

नांदेडचा सचखंड श्री हजूर साहिब घ्या. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी इथंच देह ठेवला. लंगरला पैसे नाहीत, जातधर्माची विचारपूस नाही. डोकं झाकायचं, पंगतीत बसायचं. पोळ्या लाटायची, भांडी घासायची सेवाही करता येते. पण इतकी वर्षं घरात राबून आलेल्या बाईनं पहिले काही दिवस नुसतं बसून जेवावं, असं माझं मत आहे. माहूरच्या रेणुकेला जायचं तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. गावच्या हरिनाम सप्ताहात बसायला तर तेही लागत नाही.

संत बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंग वाचनालयातून आणा. सतराव्या शतकातली ही बाई. तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला आणि ते सगळं लिहून ठेवलं. ‘तिनं सोसलं, तूही सोस’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तिच्या वेळी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा नव्हता. त्यात अपमान, शिवीगाळ, पैशाची कोंडी हेही हिंसाचारात मोडतं. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो. तिचं उत्पन्न किती, हे बघत नाहीत.

इगतपुरीच्या विपश्यनेबद्दल बरेच जण विचारतात. दहा दिवसांचं शिबिर, राहणं-जेवण मोफत. दान घेतात ते शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच. येण्याजाण्याचे धरून बारा दिवस मोडतात, तेव्हा प्रवासभाडं आणि बुडालेली मजुरी किंवा रजा हा खरा खर्च. झोप उडालेली असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर मात्र दहा दिवसांचं मौन आत्ता नको. आधी डॉक्टर. आजार किंवा चालू गोळ्या अर्जात लपवू नका.

नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. केसपेपरचं किरकोळ शुल्क पडतं. आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तेही नाही. खासगीत गेलात तर फी, वेळ आणि किती वेळा यावं लागेल, हे पहिल्याच फोनवर विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. तुमचा जोडीदार ‘नार्सिसिस्ट’, म्हणजे टोकाचा आत्मकेंद्री, आहे की नाही, हे त्याला तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. तुमचे उपचार त्यावाचून अडत नाहीत.

आता महागडा माल. आगाऊ पैसे मागणारा, घरच्यांशी बोलू नको सांगणारा, शंका काढली की चिडणारा बाबा किंवा ‘हीलर’ म्हणजे जुनाच नवरा नव्या कपड्यात. अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून फसवणारा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली सापडला, तर सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड होतो. पोलिसांत तक्रार करा; लाज त्याला वाटू द्या.

आणि आज रात्रीच जीव घाबरा होत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा. बाई असो वा पुरुष, चोवीस तास, मराठीतून बोलतात. पैसे लागत नाहीत.