संघर्षाच्या भूमीत शिक्षणाची वाट : नागसेनवनाचा धडा

संघर्षाने होरपळलेल्या प्रदेशात केवळ शाळा उघडल्याने शिक्षण पोहोचत नाही. शाळेची वाट सुरक्षित आहे काय, मुलाला जेवण व निवारा आहे काय आणि वर्गात त्याला सन्मानाने बसता येते काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर शिक्षणाची संधी खरी की कागदोपत्री, हे ठरते. आपल्या मराठवाड्याचा इतिहास याची साक्ष देतो.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. त्याचे माध्यम उर्दू होते. औरंगाबादेत इंटरमिजिएटपर्यंत शिकता येई. पदवीसाठी मात्र हैदराबाद गाठावे लागे. दलित मुलापुढे परकी भाषा, दूरचे अंतर, दारिद्र्य आणि अस्पृश्यता अशा चार भिंती उभ्या होत्या. त्यात १९४७-४८ मध्ये रझाकारांचा हिंसाचार उसळला. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संस्थान मुक्त झाले. परंतु गावोगावची मने लगेच निवळली नाहीत. सूडाच्या झळा गोरगरीब वस्त्यांनाही बसल्या.

या घटनेला दोन वर्षेही झाली नव्हती, तोच जून १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत सुरू केले. संस्थेची स्थापना १९४५ ची आणि मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे. मुंबईतच विस्तार करणे सोपे होते. बाबासाहेबांनी मात्र सर्वांत मागे राहिलेला प्रदेश निवडला. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे महाविद्यालयाला 'मिलिंद' आणि परिसराला 'नागसेनवन' हे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू यांची ही नावे आहेत. शस्त्राने नव्हे, संवादाने निर्णय व्हावा, हा त्यांतील बोध आहे.

महाविद्यालयासोबत येथे वसतिगृहे उभी राहिली, हे विशेष महत्त्वाचे. खेड्यातल्या मुलाला शहरात खोली कोण देणार होते? वसतिगृहाने त्याला छप्पर दिले, सोबती दिले, अभ्यासाची शांत रात्र दिली. दरवाजे सर्व जातिधर्मांना खुले होते.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. घर जळते तेव्हा वह्यापुस्तकेही जळतात. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत समाजाने लढा दिला. पण शिक्षण सोडले नाही.

आज अफगाणिस्तानात सहावीनंतर मुलींना शाळेची दारे बंद आहेत. आपल्याकडे तशी बंदी नाही. तरी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या आईबापांमागे अनेक मुलांची शाळा सुटते. ही बिनआवाजाची बंदीच होय. करमाडसारख्या ठिकाणची निवासी शाळा तिला दिलेले उत्तर आहे. नागसेनवनाच्या वसतिगृहांचा वारसा तो हाच.

माजी विद्यार्थी व पालक बंधुभगिनींनो, कृतज्ञता केवळ भाषणातून व्यक्त होत नाही. यंदा टोळ्या निघण्यापूर्वी आपापल्या गावी वस्तीत जा, कोणते मूल आईबापांबरोबर जाणार आहे ते विचारा आणि त्याच्या राहण्याशिकण्याची सोय लावा. आपल्याला कोणीतरी असेच हात धरून आणले होते.

जय भीम!