जुन्या मारुतीचा अल्टरनेटर : आधी तपासणी, मग पाना

गॅरेजच्या धंद्यात काही कामे हात बसला की तासा-दीड तासात उरकतात, आणि नेमक्या त्याच कामांत चुका जास्त होतात. जुन्या छोट्या गाडीचा अल्टरनेटर बदलणे हे अशांपैकी एक काम आहे. तीन-चार बोल्ट, एक पट्टा, दोन-तीन वायरी; वर्षभर गॅरेजमध्ये राहिलेला उमेदवारही हे काम करू शकतो. खरा प्रश्न वेगळाच आहे. जो अल्टरनेटर आपण उतरवीत आहोत, तो खरोखर बिघडला आहे काय?

उदाहरणासाठी आम्ही मारुती ८०० घेतली आहे. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी रस्त्यावर आली आणि २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे हे इंजिन गल्लीबोळांतल्या मिस्त्रींच्या हाताखालून गेलेले आहे. कंपनीने गाडी बंद केली तरी रस्त्यावरून ती गेलेली नाही. आज जे हिच्यावर पोट चालवतात ते बहुतेक लहान व्यापारी, फेरीवाले आणि नोकरदार आहेत. त्यांच्या खिशातून विनाकारण गेलेला पैसा त्यांना लागतो. म्हणूनच हा विषय घेतला.

आमच्या हातून झालेली चूक

आठवडी बाजारात कापड विकणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले. सकाळी स्टार्टर सुस्त फिरतो, रात्री दिवे मंद होतात, अशी त्यांची तक्रार होती. आम्ही इंजिन सुरू करून बॅटरीवर मीटर लावला. आकडा १३.१ व्होल्ट आला. चार्जिंग कमी आहे, म्हणजे अल्टरनेटर गेला, असा निकाल आम्ही उभ्या उभ्या दिला, नवा बसवला आणि पैसे घेतले. जुना त्याच संध्याकाळी भंगारात दिला.

चौथ्या दिवशी पहाटे, बाजाराच्या वाटेवर, मालाने भरलेली गाडी बंद पडली. त्या दिवसाचा बाजार त्यांच्या हातून गेला. गाडी ओढून आणल्यावर आम्ही शांतपणे तपासले, तेव्हा इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजून नुसती लोंबत असल्याचे दिसले. बोल्ट काढून, पॉलिश पेपरने जागा घासून, नवी पट्टी लावताच बॅटरीवर १४.२ व्होल्ट मिळाले. दोष जुन्या अल्टरनेटरचा नव्हताच. तो परत द्यावा म्हटले, तर तो भंगारात गेलेला. आम्ही मजुरी परत केली आणि नव्या अल्टरनेटरमधला आमचा नफा सोडला. गेलेला बाजार मात्र आम्हाला परत देता आला नाही.

पुढे जे लिहीत आहोत ते या चुकीतून शिकलेले आहे.

अल्टरनेटर काय करतो

गाडी सुरू करण्याचे काम बॅटरीचे. इंजिन चालू झाल्यावर दिवे, हॉर्न, पंखा, इग्निशन यांना वीज पुरवणे आणि बॅटरीची झीज भरून काढणे हे अल्टरनेटरचे. आत फिरणाऱ्या रोटरला दोन कार्बनमधून थोडा करंट मिळतो आणि तो चुंबक बनतो. त्याच्या फिरण्याने भोवतीच्या वायंडिंगमध्ये उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी वीज तयार होते. डायोड तिला एकाच दिशेची डीसी वीज बनवतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज हद्दीत ठेवतो. म्हणजे बिघाडाच्या जागा मोजक्याच : कार्बन, स्लिप रिंग, डायोड, रेग्युलेटर, बेअरिंग आणि वायंडिंग.

मारुती ८०० मध्ये अल्टरनेटर फिरवणारा पट्टाच पाण्याचा पंपही फिरवतो. रेडिएटरचा पंखा मात्र विजेवर चालतो. तेव्हा चालत्या गाडीत चार्जिंगचा दिवा एकाएकी लागला, तर आधी गाडी बाजूला घेऊन पट्टा पाहावा. पट्टा तुटला असेल तर पंप बंद पडलेला असतो. 'घर जवळच आहे' म्हणून गाडी रेटली तर हेड गॅस्केट जाते. ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून ठेवावी.

एक जुनी आणि वाईट सवय

इंजिन चालू असताना बॅटरीची एक वायर काढायची. इंजिन चालू राहिले तर अल्टरनेटर चांगला, बंद पडले तर खराब. ही परीक्षा अनेक जुन्या उस्तादांनी शिकवली आहे. अँबॅसडर आणि जुन्या फियाटवर डायनामो होता, तेव्हा तीत फारसे बिघडत नसे. अल्टरनेटरच्या गाडीत ही परीक्षा घातक आहे.

बॅटरी हे विजेचे धरण समजा. वरून पाण्याचा लोंढा आला तरी धरण तो सामावून घेते. धरणच काढून टाकले तर लोंढा थेट गावात शिरतो. बॅटरी सुटताच व्होल्टेज क्षणभर अनेक पटींनी उसळते आणि डायोड व रेग्युलेटर जळू शकतात. २००० च्या सुमारास आलेल्या एमपीएफआय मारुतीत तर इंजिनचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो, आणि त्याची किंमत अल्टरनेटरपेक्षा जास्त असते. चांगला भाग तपासण्याच्या नादात बिघडवून मग तोच बदलायला लावणे, असा हा प्रकार आहे. साधा मल्टीमीटर आज प्रत्येक गॅरेजला परवडतो. तोच वापरावा.

उतरवण्याआधी सहा तपासण्या

१) पट्टा. चमकदार, तडे गेलेला किंवा तेल लागलेला पट्टा घसरतो. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने जोर देऊन दाबल्यावर तो साधारण ६ ते १० मिलिमीटर दबावा. दिवे लावताच किंचाळण्याचा आवाज आला तर संशय आधी पट्ट्यावर घ्यावा.

२) बॅटरी. गाडी काही तास उभी राहिल्यावर पूर्ण चार्ज बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा मिळतो. १२ च्या जवळ आला तर ती जवळपास रिकामी आहे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन ब्रशने साफ करावी. बॅटरीचा एखादा सेल मेला असेल तर नवा अल्टरनेटरही तिला वाचवू शकत नाही.

३) चार्जिंगचा दिवा. चावी फिरवली की दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागलाच नाही, तर बल्ब, फ्यूज किंवा वायर पाहावी. पुष्कळ गाड्यांत रोटरला सुरुवातीचा करंट याच दिव्याच्या वायरीतून मिळतो. आमच्या त्या गिऱ्हाइकाच्या गाडीत दिवा वेळेवर लागत होता आणि वेळेवर विझत होता. तो खुणावत होता, आम्ही पाहिले नाही.

४) चालू इंजिनचे व्होल्टेज. इंजिन थोडे वाढवून बॅटरीवर मोजावे. १३.८ ते १४.६ मिळाले तर चार्जिंग ठीक. दिवे आणि ब्लोअर लावून पुन्हा मोजावे. तेव्हाही आकडा १३.५ च्या खाली जाऊ नये. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे, आणि बॅटरीचे पाणी उडत असणार.

५) वायर आणि अर्थिंग. बहुतेक लोक हीच तपासणी गाळतात. दिवे लावून, इंजिन चालू ठेवून, मीटरची एक टोकणी अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवावी. मग एक अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर ठेवावी. दोन्ही वेळा आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त नसावा. आमच्या त्या गाडीत मायनसच्या बाजूला जवळपास १ व्होल्ट वाटेतच जात होता. हे काम दोन मिनिटांचे आहे. आम्ही ती दोन मिनिटे वाचवली होती.

६) आवाज. पट्टा काढून पुली हाताने फिरवावी. घरघर किंवा खडखड असेल, पुली हलत असेल, तर बेअरिंग गेले आहे.

या सहा गोष्टी पाहूनही चार्जिंग येत नसेल, तरच अल्टरनेटर उतरवावा.

उतरवण्याची रीत

१०, १२ आणि १४ नंबरच्या पान्यांत बहुतेक काम होते. हातातले घड्याळ आणि अंगठी काढून ठेवावी. इंजिन थंड होऊ द्यावे.

प्रथम बॅटरीचे मायनस टर्मिनल काढून कापडात गुंडाळावे. हे मायनसच का? अल्टरनेटरची जाड वायर चावी बंद असतानाही थेट बॅटरीला जोडलेली असते. तिच्या नटावर पाना असताना तो बॉडीला टेकला, तर ठिणग्या उडतात आणि वायर पेटू शकते. आधी प्लस काढायला गेलो तरी तोच धोका असतो.

मग मागचा प्लग, त्याची खिट्टी दाबून काढावा. वायर धरून ओढू नये. जाड वायरीचा नट काढावा. वायरींची जागा मोबाइलवर टिपून घ्यावी किंवा कागदावर काढावी. आता आधी ताण बसवण्याचा बोल्ट आणि मग बिजागरीसारखा खालचा बोल्ट सैल करावा. अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला की पट्टा सुटतो. एसीच्या गाडीत कॉम्प्रेसरचा पट्टा आड येत असेल तर तो आधी उतरवावा. शेवटी एका हाताने अल्टरनेटर पेलून धरावा आणि दोन्ही बोल्ट काढावेत. खालून काम करायची वेळ आली तर गाडी घोडीवरच ठेवावी. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली कुणी जाऊ नये, उमेदवाराला तर मुळीच पाठवू नये.

दुरुस्ती की बदल?

उतरवला म्हणजे बदललाच पाहिजे असे नाही. कार्बन झिजले असतील तर कार्बन बदलून आणि स्लिप रिंग साफ करून काम भागते. रेग्युलेटर, डायोड प्लेट आणि बेअरिंग यांचे सुटे भाग मिळतात. वायंडिंग काळे पडून जळकट वास येत असेल, किंवा रोटर आतून घासला असेल, तर मात्र पूर्ण बदलणे शहाणपणाचे. दोन्ही पर्यायांचा खर्च गिऱ्हाइकाला आधी सांगावा आणि निवड त्याच्यावर सोडावी.

मुंबईत कुर्ला, पुण्यात नाना पेठ अशा बाजारांत नवा, दुरुस्त केलेला आणि जुन्या गाडीतून काढलेला, असे तिन्ही प्रकारचे माल मिळतात. कोणताही घेताना जुना नग बरोबर न्यावा. बोल्टांच्या कानांतले अंतर, पुलीचा व्यास आणि खाच, प्लगच्या पिना आणि पाटीवरचे अँपिअर, हे सगळे जुळवून पाहावे. पुली थोडी जरी पुढे-मागे असली तरी पट्टा तिरका चालतो आणि लवकर झिजतो. बिल आणि वॉरंटी लेखी घ्यावी.

बसवणे

उलट क्रमाने जावे. खालचा बोल्ट आधी हाताने लावावा, वरचा नुसता अडकवावा, मग पट्टा चढवावा. ताण देताना टॉमी अल्टरनेटरच्या पुलीकडच्या मजबूत भागाला टेकवावी. मागच्या पातळ ॲल्युमिनियमवर जोर दिला तर ते तडकते. ताण जास्तही नको, कारण त्याने अल्टरनेटरचे आणि पाण्याच्या पंपाचे बेअरिंग दोन्ही जातात. ताण धरून वरचा बोल्ट, मग खालचा बोल्ट घट्ट करावा. जाड वायरीचा नट पक्का करून त्यावर रबरी टोपी चढवावी. प्लग लावावा. मायनस सर्वांत शेवटी.

बॅटरी उतरलेली असेल तर ती आधी चार्जरवर भरून घ्यावी. रिकामी बॅटरी भरण्याचा सगळा भार नव्या अल्टरनेटरवर टाकला तर तो तापून लवकर जातो. मग इंजिन सुरू करून चौथी आणि पाचवी तपासणी पुन्हा करावी आणि आकडे बिलावर लिहून द्यावेत. पट्टा नवा असेल तर आठवड्याने गाडी बोलावून ताण पुन्हा पाहावा, कारण नवा पट्टा थोडा सैलावतो.

शेवटचे दोन शब्द

त्या दिवसापासून आमच्या गॅरेजमध्ये दोन नियम आहेत. पहिला : मीटरचे आकडे बिलावर लिहिल्याशिवाय अल्टरनेटरला पाना लावायचा नाही. दुसरा : काढलेला भाग आठ दिवस ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला दाखवायचा, भंगाराचे पैसे त्याचे. पहिल्या नियमाने आमची काही कामे कमी झाली, कारण पाच-सहा गाड्यांपैकी एखादी नुसत्या पट्ट्याने किंवा अर्थिंगने सुधारून जाते आणि मजुरी थोडीच मिळते.

ते कापडवाले गृहस्थ मात्र अजून आमच्याकडेच येतात, आणि बाजारातल्या त्यांच्या शेजाऱ्यांच्या गाड्याही आता आमच्याकडे येतात. धंद्याचा हिशेब मांडताना कारागीर बंधूंनी हीदेखील जमेची बाजू धरावी.