बाइंडिंग मशीन घेण्याआधी कपाट उघडा

बाइंडिंग मशीन घ्यायचं ठरलं की बहुतेक ऑफिसांत पहिला प्रश्न किमतीचा निघतो. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्याची कागदपत्रं सांभाळते. बदलापुरात आमच्या सोसायटीचं दप्तरही माझ्याकडेच आहे. दोन्हीकडच्या अनुभवावरून सांगते, दुकानात जाण्याआधी आपलं कपाट उघडा आणि आत काय आहे ते बघा.

मला हे 2019 च्या जुलैत कळलं. उल्हास नदीला पूर आला होता, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती, आणि आमच्या तळमजल्यावरच्या सोसायटी ऑफिसात कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा पाण्यात गेला होता. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं. स्पायरल केलेल्या फायलींची तार आम्ही फिरवून काढली, पानं सुटी केली आणि पंख्याखाली दोरीवर वाळत घातली. बरीचशी वाचली. गोंदाने चिकटवलेल्या अहवालाची मात्र वीट झाली होती, पान सोडवायला गेलं की फाटायचं. स्टेपल केलेल्या गठ्ठ्यांत पिनांचा गंज दहा-दहा पानं खाली उतरला होता. इंकजेटवर छापलेली अक्षरं जांभळी होऊन पसरली, लेझर प्रिंट आणि झेरॉक्स मात्र वाचता येत होते. आपल्या पट्ट्यात उल्हास आहे, वालधुनी आहे, आणि पूर नसला तरी चार महिने हवेत ओल असते. म्हणून बाइंडिंग निवडताना पाण्याचा विचार आधी करावा लागतो.

पहिलं काम म्हणजे कागदांचे तीन गठ्ठे करा. एक, चार-सहा महिन्यांत काम संपणारे, म्हणजे कोटेशनच्या प्रती, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, बैठकीला वाटायचे अहवाल. दुसरा, कायद्याने ठरावीक वर्षं ठेवायचे. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर 8 आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने. तिसरा, कायमचे: इतिवृत्तं, मंजूर नकाशे, जागेचे दस्त. या तिन्हींना एकच बाइंडिंग चालत नाही. एकाच मशीनवर सगळं उरकायला गेलं की पैसे वाया जातात.

पहिल्या गठ्ठ्यासाठी माझं मत प्लास्टिकच्या स्पायरलच्या बाजूने आहे. कारण साधं आहे. हे कागद बॅगेतून जातात, आणि ती बॅग सकाळच्या बदलापूर लोकलमधून जाते. कंगव्यासारख्या दातांचं कोंब बाइंडिंग त्या गर्दीत दाबलं गेलं की दात उघडतात आणि पानं निसटतात. वायरो दिसायला सगळ्यात देखणं, पान सपाट उघडतं, पण धातूची कडी एकदा चेपली की तिथे पान फिरत नाही. प्लास्टिकची स्पायरल दबते आणि पुन्हा मूळ आकारात येते. तिची दोन्ही टोकं पकडीने नीट वाकवून घ्या, नाहीतर ती हळूहळू फिरून बाहेर येते आणि ओढणीत अडकते. पानं बदलावी लागणाऱ्या पुस्तिकांना कोंब चांगलं, कारण ते उघडून परत लावता येतं. पण ते ऑफिसातच राहू द्या.

टेंडर भरत असाल तर अटी आधी वाचा. स्पायरल किंवा सुटी पानं चालणार नाहीत, पानांवर क्रमांक हवेत, अशी अट अनेक ठिकाणी असते. तार काढून पान बदलता येतं, म्हणून ही अट. अशा वेळी शिलाईचं पक्कं बाइंडिंगच करावं लागतं.

आता माप. 75 जीएसएमचे शंभर कागद म्हणजे साधारण एक सेंटीमीटर जाडी. गठ्ठा हाताने घट्ट दाबून पट्टीने मोजा आणि त्यात तीन-चार मिलिमीटर मिळवा, तेवढ्या व्यासाची स्पायरल घ्या. नेमक्या मापाची घेतली तर पानं फिरताना फाटतात. वायरोत एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही. एका इंचात तीन भोकं की दोन, यावर सगळं अवलंबून असतं. ए-फोरच्या लांब कडेला पहिल्या प्रकारात 34 भोकं पडतात, दुसऱ्यात 23. पहिल्यातली सगळ्यात मोठी कडी साधारण 14 मिलिमीटरची असते, म्हणजे सव्वाशे पानांच्या आसपास काम संपलं. त्याहून जाड गठ्ठे असतील तर 23 भोकांचं मशीन लागतं, आणि एकाची कडी दुसऱ्याच्या भोकांत बसत नाही. आमच्याकडे चुकीच्या कड्यांची एक अख्खी पेटी तशीच पडून आहे.

मशीन घ्यायला उल्हासनगरच्या बाजारात जा किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला, पण आपल्या ऑफिसातले पन्नास कागद बरोबर न्या. पेटीवर ‘एका वेळी 20 पानं’ लिहिलेलं असलं तरी रोजच्या कामाला बारा-तेराच धरा. दुकानात तेवढी पानं घालून दांडा दाबा आणि सगळ्यात खालचं पान बघा. भोकाच्या कडा स्वच्छ असल्या पाहिजेत, तंतू लोंबत असतील तर धार बोथट आहे किंवा मशीन हलकं आहे. मग शेवटचं भोक बघा. कागदाच्या कडेवर अर्धं भोक पडत असेल तर तिथून पान हमखास फाटतं. चांगल्या मशीनला बाजूची पट्टी सरकवता येते आणि नको ती पिन ओढून बंद करता येते. कचऱ्याचा ट्रे सहज निघतो का तेही पाहा, कारण तो भरला की कागदाचे तुकडे पात्यांत अडकतात आणि मग दोष मशीनला जातो. पातं बदलून मिळतं का, कुठे मिळतं, हे विचारून बिलावर लिहून घ्या. पंच करण्याआधी एकूण एक स्टेपल काढा, एका पिनेने पातं जातं.

खरं तर मशीन हवंच का, हेही तपासा. झेरॉक्सवाल्याची तीन महिन्यांची बिलं काढा, किती प्रती बांधल्या ते मोजा. महिन्याला पाच-सात असतील तर मशीन धूळ खाईल.

कव्हरबाबत एक महत्त्वाचं. पुढे लावायची पारदर्शक शीट पीव्हीसीची असेल तर उन्हाळ्यात ती लेझर प्रिंटची शाई ओढून घेते, कव्हर उचललं की अर्धं नाव त्याला चिकटलेलं. पीपीची शीट मागा, किंवा मध्ये एक कोरा कागद घाला. पेट्रोलच्या आणि हॉटेलच्या चकचकीत पावत्या थर्मल कागदाच्या असतात, काही महिन्यांत कोऱ्या होतात. आधी त्यांची झेरॉक्स काढा आणि मगच फाइलला लावा.

दुसऱ्या गठ्ठ्याला मशीन नकोच. व्हाउचरना दोन भोकं, टॅग, वर-खाली पुठ्ठा, एवढं पुरतं. टॅगची टोकं प्लास्टिकची घ्या. स्टेपल करायचंच असेल तर पिनेवरचे आकडे वाचायला शिका. 24/6 मध्ये 6 म्हणजे पायाची लांबी मिलिमीटरमध्ये, वीसेक पानं होतात. शंभर पानांना 23/13 आणि मोठा स्टेपलर लागतो.

तिसरा गठ्ठा बाइंडरकडे द्या. कंपनीची इतिवृत्तं सुट्या पानांवर ठेवली तर पानांना सलग क्रमांक देऊन ती वेळोवेळी बांधून घ्यावी लागतात, वहीत चिकटवलेली चालत नाहीत. प्रिंट काढतानाच डावीकडे तीन सेंटीमीटर जागा सोडा, शिलाईत सेंटीमीटरभर जातंच. दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवलेलं, पाठीला कापडी पट्टी आणि खळीत मोरचूद घातलेलं बाइंडिंग मागा, मोरचुदामुळे कीड लागत नाही. आमचे बाइंडर काका पावसाळ्यात हे काम घेतच नाहीत. एकदा घाई केली तर म्हणाले, “ताई, कागदाला आत्ता ओल आहे. आज शिवला तर दिवाळीनंतर पाठ वाकडी होईल.” तेव्हापासून ऑडिट संपलं की दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत मी गठ्ठे देते.

उल्हासनगरच्या वाचकांसाठी आणखी एक. कॅम्पातल्या जुन्या घरांच्या सनदा आणि पावत्या अनेकांकडे घडी घालून ठेवलेल्या आहेत. त्यांना भोक पाडू नका आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. उष्णतेने जुना कागद ठिसूळ होतो आणि ते प्लास्टिक परत कधीच निघत नाही. स्कॅन करा, मूळ कागद पीपीच्या खिशात सरळ ठेवा आणि बाइंडिंगमध्ये झेरॉक्स लावा.

शेवटचं काम कपाटाचं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून लोखंडी कपाट घ्याल तेव्हा ते विटांवर किंवा चौथऱ्यावर चढवा, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. कायमचे दस्त सगळ्यात वर आणि कोटेशनच्या प्रती सगळ्यात खाली. आमच्या सोसायटीत आता खालचा कप्पा रिकामाच असतो, तिथे फक्त सतरंज्या ठेवतो.