आग्र्याच्या वाटेवर

(सीवूड्स येथे राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या कुटुंबाच्या लांबच्या प्रवासाची हकिकत या पाठात सांगितली आहे.)

दिवाळीच्या सुट्टीत आग्र्याला खालाजानकडे जायचे ठरले. ताजमहाल पाहायला मिळणार म्हणून आम्ही भावंडे खूश होतो. तेवढ्यात दादी म्हणाली, "आधी एक दिवस बुऱ्हाणपूरला उतरू या. मुमताजमहलची पहिली कबर तिथे होती."

अम्मीला ते पटले नाही. "तुमचे गुडघे दुखतात. सामान घेऊन मध्येच कशाला उतरायचे?" ती म्हणाली. अब्बांना खर्चाची काळजी होती. रेल्वेचे तिकीट पाचशे किलोमीटरांपेक्षा लांबचे असेल, तर त्याच तिकिटावर वाटेत थांबता येते. पण पहिले ५०० किलोमीटर पार केल्यानंतरच. कल्याणहून बुऱ्हाणपूर त्याच्या आतच येते. म्हणजे दोन वेगळी तिकिटे काढावी लागणार आणि एका लांब तिकिटापेक्षा ती महाग पडतात. दादी काहीच बोलली नाही. अब्बांनी तिच्याकडे पाहिले आणि दोन तिकिटे काढली.

सीवूड्सहून लोकलने ठाणे, तिथून कल्याण आणि रात्री पंजाब मेल. ही गाडी १९१२ पासून धावते आहे. बुऱ्हाणपूर आले तेव्हा उजाडलेही नव्हते. धाकट्या भावाला झोपेतच उतरवले.

बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असले, तरी महाराष्ट्राच्या सीमेला लागूनच आहे. आमचा रिक्षावाला छान मराठी बोलत होता. खुलताबादचे सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून या शहराचे नाव पडले. सकाळी गरम मावा जिलबी खाऊन आम्ही जामा मशीद पाहिली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतानाने ती बांधली. आत अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. मला त्यातले एक अक्षरही वाचता आले नाही, पण मी बराच वेळ तिथून हलले नाही.

मला सर्वांत आवडला तो कुंडी भंडारा. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान येथे सुभेदार असताना, ही पाण्याची योजना झाली. हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे येतात ते रहीम हेच. सातपुड्याच्या डोंगरातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा केलेले आहे. बोगद्यावर शंभराहून अधिक विहिरी ओळीने खणल्या आहेत. बोगद्याला हलका उतार दिल्यामुळे पाणी आपोआप शहराकडे वाहत येते. ना मोट, ना पंप! आम्ही लिफ्टने एका विहिरीत उतरलो. खाली गारवा होता, भिंतींवर चुन्याचा पांढरा थर साचला होता आणि पाणी इतके स्वच्छ, की तळाचे खडे दिसत होते.

दुपारी तापी ओलांडून जैनाबादला आहूखान्यात गेलो. आहू म्हणजे हरीण. येथे मोगलांचा हरणांचा बाग होता. शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर असताना १६३१ च्या जून महिन्यात, चौदाव्या बाळंतपणात, मुमताजमहल बुऱ्हाणपुरात मरण पावली. तिला प्रथम येथे दफन केले. सहा महिन्यांनी शाहजादा शुजाबरोबर तिचा मृतदेह आग्र्याला नेला. आता येथे पडझड झालेल्या जुन्या इमारती आणि गवत आहे.

"एवढेच?" भाऊ म्हणाला. अम्मीनेही घड्याळ पाहिले. दादी मात्र पायरीवर बसून तापीच्या बाजूला पाहत राहिली. "तेव्हा रेल्वे नव्हती, बेटा," ती म्हणाली. "हा सगळा रस्ता माणसांनी आणि जनावरांनी तुडवला."

त्या रात्री पुन्हा पंजाब मेल. खांडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर करत दुसऱ्या दिवशी आग्रा. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, हे अब्बांनी आधीच पाहून ठेवले होते.

ताजमहालाचे वर्णन मी काय करू? ते तुम्ही चित्रात पाहिलेलेच आहे. पण चित्रात न दिसणारी एक जागा सांगते. १६३२ मध्ये काम सुरू झाले, तेव्हा घुमट कुठला असायला! बुऱ्हाणपूरहून आणलेला देह आधी बागेत ठेवला होता. पश्चिमेच्या मशिदीजवळ एक लहानसे दगडी कुंपण ती जागा दाखवते. लोक फोटो काढत तिच्यावरून पुढे निघून जात होते. अम्मीनेच ते कुंपण प्रथम पाहिले आणि दादीचा हात धरून तिला तिकडे नेले.

भाऊ बोटांवर मोजू लागला. "आधी आहूखाना, मग ही जागा, मग घुमटाखाली. म्हणजे तीनदा!"

दादीने तिथेच उभे राहून फातिहा पढली.

शब्दार्थ : हकिकत – किस्सा, अहवाल, सुभेदार – सुभ्याचा कारभार पाहणारा, झिरपणे – थेंबाथेंबाने पाझरणे, मोट – विहिरीतून पाणी काढण्याचे चामडी साधन, पडझड – मोडतोड.

स्वाध्याय
१. अब्बांना दोन वेगळी तिकिटे का काढावी लागली?
२. कुंडी भंडाऱ्यातील पाणी पंपाशिवाय शहरात कसे येते?
३. आहूखान्यात भाऊ "एवढेच?" असे का म्हणाला असेल?
४. तुमच्या गावाहून लांबच्या प्रवासाला निघाल्यास वाटेत कोठे थांबाल? पाच-सहा वाक्ये लिहा.